पापाच्या तिकटीला, कानात वायर घालून

भाच्यानं फोनवर लावून दिलं,
म्हणाला, मावशी, यास्मिन शिकलगारची पहिली गाणी आल्यात,
आठ आहेत, सलग ऐक, मधलं सोडू नको.
मी म्हटलं, आधी हे चार ब्लाउज उतरव माझ्या मानेवरनं,
सोमवारी साखरपुडा आहे गिऱ्हाइकाचा.

तरी घातली वायर कानात.

पहिल्यात आधी नुसता खाकरा.
खरंच, गायच्या आधी घसा साफ केलाय तिनं
आणि तो तसाच ठेवलाय.
मी असते तर कापला असता.
मग तुणतुणं, जरा उतरलेलं,
आणि आवाज.
गोड म्हणवत नाही.
कांद्याची पात मुळाकडून चावावी, तसा.

दुसऱ्यात ढोलकी झकास,
शब्द मात्र सुटलेल्या एसटीमागं पळाल्यागत.

तिसरं मला आवडलं नाही, सरळ सांगते.
कुणीतरी पुण्याचा बसवलाय वाटतं पेटीला,
आवाजाला एवढा घुमारा दिलाय
की पोरगी आडात पडून हाका मारतेय.
साध्या इरकलीला टिकल्या लावून मागतात बायका,
मी लावून देते, पैसे घेते,
आणि ती साडी नेसलेली दिसली की मान वळवते.

चौथ्याला लाईट गेली.
मशीन थांबलं तेव्हा ऐकू आलं,
गाण्याच्या मागं रस्ता आहे.
वडापवाला 'कळंबा, कळंबा' करतोय,
कुणाच्या तरी कुकरची तिसरी शिट्टी.
दार लावून गायला जागा नसंल तिला.
का मुद्दाम उघडं ठेवलं?

पाचवं बॉबीन भरण्यात गेलं.

सहावं.
चाक.
मी झटकन दाराकडं बघितलं.
बादशाभाई?
सायकल स्टँडवर, पाय पायडलवर,
पट्टा सहाणेला,
कात्री टेकली की किर्रर्र,
ठिणग्या दाढीपर्यंत.
पण बादशाभाईला जाऊन सहा वर्षं झाली.
म्हणजे चाक पोरगीच फिरवतेय,
बापापेक्षा जरा घाईनं.

त्या घरघरीवर ती पेठा मोजते,
खाटीक, न्हावी, खानावळी,
बोटाची चीर, चिरेवर चुना,
आणि मग आवाज खाली आणून, जवळजवळ बोलल्यासारखं:
तिकटीच्या टेलरणीकडं बारा रुपये ऱ्हायलेत, अब्बा.
जाऊ दे, म्हणाले अब्बा,
तिच्या कात्रीत मी ऱ्हायलोय.

माझा पाय उचलला गेला.

तिकटीला तेव्हा आम्ही टेलरणी तिघी.
सरूबाई पाट्याच्या कडेला घासायची आपली आपण.
तिसरी कुठं जायची, मला ठाऊक नाही.
हे मी मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलं.
सुटे नव्हते, एवढंच. पन्नासची नोट होती.
तो म्हणाला, पुढल्या आठवड्यात द्या.
पुढल्या आठवड्यात लग्नसराई,
मग त्याचं येणं विरळ झालं,
मग नवी कात्रीच स्वस्त पडायला लागली. मलाही.

पोरगी दांड्यावर बसलेली असायची,
मांडीवर पुडी,
ओठ हलवत काहीतरी मोजायची.
मला वाटायचं, शेंगदाणे.

ते गाणं परत लावलं.
परत लावलं तरी बाराच.

खालच्या खणातली जुनी कात्री काढली,
मुठीचा काळा रंग अंगठ्यापुरता उडालेला.
चिंधीवर चालवून बघितली.
कापड नुसतं चावलं.

भाचा विचारतोय, कशी वाटली?
म्हटलं, तिसरं सोडून बरी आहेत.
ती राहते कुठं रे सध्या?
त्याला ठाऊक नाही, तो फोनवरनं ओळखतो.

सातवं आपोआप सुरू झालंय.
परत घसा साफ करतेय.