सतरा एप्रिलचं पान

अंबाजोगाई. कॅज्युअल्टी. रात्रपाळी.
एरवी पहाटेपर्यंत दोनदा पान उलटायचं,
त्या एप्रिलात माझ्या रजिस्टरात
रातभरात दोनच नावं:
एक विंचू, एक भाजलेलं पोर.

डॉक्टर मोमीन म्हणाले, गाड्या बंद, अपघात बंद.
पटलं.
पण छातीतली कळ
कधीपासून संचारबंदी पाळायला लागली?

जूनमध्ये घाटनांदूरची सोजरबाई आली
दाखला विचारत.
"रातीच दुखायलं होतं त्येंला.
नाक्यावर पोलीस, दवाखान्यात कोरोना,
म्हणले, उजाडू दे.
ओवा चावला, भिंतीला टेकले."

तारीख विचारली. पान काढलं.
विंचू, पोर,
खाली नुसत्या आखलेल्या रेघा.

"हितं नाव नाई का त्यांचं?"

मी पेनाचं टोपण
लावलं, काढलं,
लावलं.