उरलेली हवा

तांब्याचा बंब ह्यांनी मोडीत घातला नाही.
त्याच्या शेजारी, मागच्या पडवीत
एक लोखंडी कपाट उभं केलं, दोन मजली:
वर लाकूड, खाली आग.
ज्योत तिथे वर चढत नाही.
पंखा तिला विटांच्या भोकातून खाली ओढतो,
आणि ती निळसर, डोकं खाली पाय वर,
घोरत जळते.
"लाकूड नाही, लाकडाचा वायू जळतो," हे म्हणाले.
मी म्हटलं, अकरा माणसांचं पाणी तापतं ना, झालं.

खाडी ओलांडून कुर्ल्याला गेले,
भंगारातल्या टॅक्सीच्या पोटातून
ऑक्सिजन सेन्सर काढून आणला, बोटाएवढा,
आणि धुराड्यात बसवला.
आधी स्वतः तापून लाल व्हावं लागतं त्याला,
मगच तो बोलतो.
आणि बोलतो काय, तर आगीबद्दल एक शब्द नाही.
जळून झाल्यावर हवा किती उरली,
एवढंच.

सहा उरावेत, हे म्हणाले.
शून्याकडे गेलं की काजळी,
आणि तो वायू, ज्याला वास नसतो, नुसतं डोकं धरतं.
दहाच्या वर गेलं की आपण फुकट वारा तापवून
गोराईच्या आभाळात सोडतोय.

मला हे लगेच पटलं.
तांदूळ तळाला गेले तर आमच्याकडे
संपले म्हणत नाहीत, वाढले म्हणतात,
आणि मूठभर डब्यात ठेवतात.
पण अर्धा डबा राखून
पोरांना उपाशी झोपवलं
तर त्याला कुणी शहाणपण म्हणत नाही.

दिवाळीनंतर आकडा बिघडला.
अकरा. बारा. परत अकरा.
हवा फार झाली असं समजून
डबीतला मेंदू झडप मिटत गेला,
आणि वाळत घातलेल्या चादरींवर
डांबराचा धूर.
ह्यांनी सेन्सर बदलला. दुसराही तेच बोलला.
तिसऱ्याचे पैसे माझ्या भिशीतले.
मग म्हणे सुरूचं लाकूड ओलं आहे.
ओलं नव्हतं. दोन उन्हाळे मीच वाळवलेलं.
मग म्हणे तू झाकण सारखं उघडतेस.
चार दिवस आम्ही एकमेकांशी
आकड्यांतच बोललो.

पाचव्या संध्याकाळी
देवापुढची उदबत्ती हातात तशीच राहिली
आणि मी पडवीत गेले, भांडायला.
वारा पडलेला.
तरी धुराची रेघ वाकली,
धुराड्याच्या सांध्याकडे गेली,
सेन्सरच्या वीतभर खाली,
आणि सुईत दोरा जावा तशी आत शिरली.

फट नखाएवढी.
तिथून पडवीतली हवा गुपचूप आत जायची,
आगीला न भेटता
थेट सेन्सरपुढे उभी राहायची.
तो बिचारा खरंच सांगत होता,
समोर जे होतं ते.
खाली आग उपाशी आहे
हे त्याला कळणार कसं?

मी हाक मारली नाही.
उदबत्ती धरून उभी राहिले, हे येईपर्यंत.
हे आले. वाकून बघितलं. बराच वेळ.
मग म्हणाले, "भाकरीची उकड आहे का उरलेली?"

गोळा थापला, करपला, घट्ट बसला.
भट्टीचं सिमेंट रविवारी आलं ते वेगळं.
अकरा. आठ. चार.
झडप उघडली.
पाच. सहा.
धुराड्याच्या तोंडावर आभाळ नुसतं थरथरलं.

सकाळी कुंपणापलीकडून जिवूबाई:
"आज बंब पेटवला नाय का गो?
मोरेश्वर बरा हाय ना?"
पेटलाय, म्हटलं. धूर वाढला.
तिने वर बघितलं,
मग माझ्याकडे, आणि हसली.
"आणि डास?" म्हणाली.