झेरॉक्सची खिडकी

अंकाराच्या थंडीत सकाळी आधी मशीन खोकतं,
मग मी.
हिरवा उजेड काचेखालून एकदा सरकला
की समजायचं, दिवस लागला.

माझ्या खिडकीतून रस्ता एवढाच दिसतो:
सात चिनार, दोन बाक, जाहिरातींचा एक फळा
आणि कमरेपासून वरची माणसं.
खाली पाय असणार.
घाईवरून कळतं.

पावणेनऊला सगळे ग्रंथालयाच्या दिशेने.
ओल्या केसांतून वाफ, दातांत सिमितचं अर्धं कडं,
तीळ सांडत जातात
आणि मागून कावळे,
वऱ्हाडातल्या मानकऱ्यांसारखे, सावकाश.

नऊ पाचला रस्ता ओस.
नऊ सातला एकजण धावतो. रोज तोच.
सिव्हिलचा इल्तेर.
चार वर्षं धावतोय;
एव्हाना कुठेतरी पोचायला हवा होता.

मला इथे चेहऱ्यांपेक्षा अक्षरं जास्त ओळखीची.
बर्राकचं अक्षर असं, की परीक्षेच्या आठवड्यात
तिच्या वहीच्या दोनशे प्रती निघतात
आणि मूळ वही फिरत फिरत कुठे जाते, देव जाणे.
शेवटी तीच येते खिडकीशी, ओशाळून:
‘काका, माझ्या वहीची एक झेरॉक्स मिळेल?’

आमचा कुत्रा डीन. पिवळट, कानाला पालिकेची चकती.
मागे हरवला म्हणून तुंजायने चाळीस पत्रकं काढली,
झाडाझाडाला लावली.
डीन तेव्हा माझ्या टपरीमागे,
मशीनच्या उबेच्या भिंतीला पाठ लावून घोरत होता.
मलाही ते संध्याकाळी कळलं.
पैसे परत केले. अर्धे. कागद तर गेलाच होता.

आणि शेनाय. कार्सहून आलेली.
एकच प्रत काढली तिने:
‘खोलीत सोबत हवी. सिगरेट चालणार नाही. मांजर आहे.’
खालच्या कडेला कात्रीने दहा पट्ट्या,
प्रत्येकीवर उभा फोन नंबर.
फळ्यावर लावून गेली.

रोज संध्याकाळी येते.
शेजारच्या नाटकाची जाहिरात वाचते असं दाखवते
आणि पट्ट्या मोजते.
दहा.
दुसऱ्या दिवशी दहा.
बर्फ पडलं त्या दिवशीही दहा, फक्त ओल्या.

चौथ्या रात्री टपरी बंद करताना
मी दोन पट्ट्या फाडल्या.
एक फाडली असती तर तिला वारा वाटला असता.

दुसऱ्या दिवशी ती थांबली.
मोजलं. पुन्हा मोजलं.
हसली, मी पाहिलं,
मशीनमध्ये कागद अडकला तरी पाहत राहिलो.
मग तिने खिशातून फोन काढला,
आवाज चालू आहे ना ते बघितलं
आणि हातातच धरून चालत गेली
शेवटच्या चिनारापर्यंत.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तीन दिवस तो फोन तिच्या हातात.
तीन दिवस दोन पट्ट्या माझ्या कोटात, किल्ल्यांच्या सोबत.
अकरा आकडे आता मला पाठ आहेत,
स्वतःच्या मुलाचा नंबर नाही.
फोन करून काय सांगू?
की मी झेरॉक्सवाला, मला खोली नकोय?

गुल्सेरेन म्हणाली, निस्तर आता.
बायकोच ती, आणखी काय म्हणणार.

काल दुपारी एक पोरगी आली,
चाकाची बॅग, एक चाक मोडकं,
तासभर रस्त्यावरून खरखर तिचाच आवाज.
वसतिगृहाच्या अर्जाची प्रत हवी होती.
प्रतीखाली मी एक पट्टी सरकवली.
तिने वाचली. उलटून पाहिली. मागे कोरं.
‘हे काय?’
म्हटलं, ‘मांजर चालतं का तुला?’

काही न बोलता तिने पट्टी खिशात टाकली
आणि निघाली, खरखर करत.
केला असेल फोन. नसेलही.

आज शेनाय अजून आली नाही.
फळ्यावर आठ आहेत.
कोटात एक.
नऊ सात झाले,
तो बघा, इल्तेर.