शनिवारचा आराखडा

टेबलावर सकाळच्या पावाचा चुरा तसाच आहे,
त्यावरच मी उद्यानाचा नकाशा पसरलाय.
गुळगुळीत, रंगीबेरंगी,
एकदा उघडला की पुन्हा मूळ घडीवर न येणारा.
युनियनची निम्म्या दरातली चार तिकिटं
फ्रिजवर चुंबकाखाली, वीजबिलाच्याही वर.
शनिवारी एर्विनची पाळी नाही.
हवामानवाले म्हणतात, बहुधा कोरडं.
त्या 'बहुधा'पायी मी चार रेनकोट काढून ठेवलेत.

साडेसहाला उठायचं, पावणेआठला गाडीत.
शिमेक पुढे बसू दे म्हणेल. नाही.
फाटक दहाला उघडतं, म्हणजे साडेनऊला रांगेत,
म्हणजे अंडी आदल्या रात्रीच उकडायची,
काकड्या मात्र सकाळी, नाहीतर पाणी सुटतं.
आत एका सॉसेजचे जे पैसे घेतात
त्यात आमच्या बितोममध्ये दोन दिवसांचं कालवण होतं.
मी हे म्हटलं की क्लारा डोळे फिरवते.
ती तेरा वर्षांची आहे. तिने स्वतःची वेगळी यादी केलीय,
त्या यादीत आम्ही कुठेच नाही.

मोठ्या पाळण्याला उंची लागते एकशेवीस.
शिमेक दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा,
हनुवटी वर, श्वास रोखलेला.
एर्विनने खिशातला पोलादी टेप काढला,
त्याच्या आकड्यांमध्ये कोळसा बसलाय, कितीही पुसा.
एकशे अठरा.
पुन्हा मोजा, बाबा.
एकशे अठरा, आणि केस धरले तर थोडं वर.
दोन मोजे घातले तर? तीन घातले तर?
एर्विन म्हणाला, आमच्याकडे खाली कुणी उंची मोजत नाही,
वाकता येतं का तेवढं बघतात.
शिमेक हसला नाही.
मी यादीत लिहिलं: जाड मोजे. मग खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.

मुलं झोपल्यावर मी त्याला वाचून दाखवलं:
मनोरा सत्याहत्तर मीटर,
वर नेऊन क्षणभर थांबवतात, आणि सोडून देतात.
'सोडून देतात?'
'हो.'
'आणि पैसे आपण द्यायचे?'
तो खूप हसला, खोकला येईपर्यंत हसला.
बावीस वर्षं रोज पहाटे तो पिंजऱ्यात उभा राहतो
खांद्याला खांदा लावून,
आठशे चाळीस मीटर खाली,
कानात दडे बसतात तेव्हा कुणी किंचाळत नाही,
कुणी फोटो काढून विकत नाही.
मग कप विसळता विसळता, पाठमोराच म्हणाला,
'तुम्ही बसा. मी पिशव्या सांभाळतो.'

मला वाटलं, दमलाय.
मला वाटलं, पैसे वाचवतोय.
नंतर नकाशावर बोट फिरवताना दिसलं,
तळ्यापाशी एक बाक आहे,
दुपारी साडेबारापर्यंत तिथे सावली नसणार,
आणि मला आठवलं की नोव्हेंबर ते फेब्रुवारी
हा माणूस अंधारात निघतो, अंधारात परततो,
आणि सूर्य त्याला फक्त रविवारी भेटतो,
तोही ढग नसतील तर.

म्हणून आराखड्यात, कारंजं आणि जेवण यांच्या मधे,
मी पेन्सिलीने एक ओळ घातली:
अकरा ते साडेबारा. एर्विन. बाक. ऊन.
बाकी सगळं शाईत आहे.

पुढच्या वर्षी खाण बंद होणार असं सगळेच म्हणतात.
पुढच्या वर्षी शिमेक एकशेवीसचा होईल.
तिकिटं पूर्ण दराची असतील.
त्याचं त्या वर्षी बघू.

अंडी: आठ.
नको, नऊ. बाकावर बसलं की भूक लागते.