मुंगी चावल्यासारखं

मंगळवारी रात्री साडेनऊला
ओटा पुसून झाला की
मी पोळपाटावर फोन उभा करते,
मागे टेकू तांदळाच्या डब्याचा,
आणि सीवूड्सच्या एका घर बदलणाऱ्या बाईकडून
अठराशेला घेतलेली गिटार
मांडीवर घेते.

"आवाज येतोय का काकी?"
"येतोय."
"आणि आता?"
"आताही."
पाव क्लास यातच जातो.

मेल्विन सर माझ्या निम्म्या वयाचे.
मराठी वसईची, वाऱ्याकडे जरा कललेली.
मागे पांढरी चादर, निळ्या काठाची,
वर उजव्या कोपऱ्यात इस्त्रीचा तपकिरी डाग.
त्या चादरीमागे मी त्यांना
काय काय देऊन ठेवलं होतं,
गच्ची, पियानो, वेताचा झोपाळा,
बांद्र्याची एखादी शांत गल्ली.

बावीस वर्षं कोपरखैरण्याच्या लॅबमध्ये
लोकांची बोटं टोचते मी.
अनामिका पुसायची, दाबायची, म्हणायचं,
मुंगी चावल्यासारखं होईल फक्त.
पहिल्यांदा सी धरला त्या रात्री कळलं
किती खोटं बोलले ते.
आता डाव्या हाताची टोकं टणक झालीत.
ग्लव्हजआडून त्यांना नस लागत नाही,
उजव्याने शोधते.

एकत्र वाजवता येत नाही आम्हाला.
त्यांचा एक माझ्यापाशी पोचेपर्यंत
तिकडे दोन झालेला असतो.
सर म्हणतात, नेटचा दोष, आपला नाही.
एकाने वाजवायचं,
दुसऱ्याने म्यूट राहायचं.
मी त्यांचा पाय बघून मोजते.

एकदा त्यांच्याकडून कुल्फीवाल्याची घंटा आली,
ई मायनरच्या मध्येच.
दहा मिनिटांनी तशीच माझ्या खिडकीखाली.
म्हटलं, सगळ्या कुल्फीवाल्यांची घंटा सारखीच.

मग त्या गुरुवारी, पहाटे साडेसहा,
होम कलेक्शन, सेक्टर एकोणीस,
सिडकोचं तळमजल्याचं घर.
रोझी लोपीस, एकसष्ट, उपाशीपोटी.
एकच खोली, मधोमध दोरी,
दोरीवर चादर.
निळा काठ.
डाग या बाजूने डाव्या कोपऱ्यात.

मी पलंगावर बसले होते,
गच्ची असायला हवी होती तिथे.
पाण्याचे तीन ड्रम, गोळ्यांचा ट्रे,
पलीकडे कुणीतरी गाढ झोपलेलं.
"पोरगा रात्री शिकवतो ना," बाई कुजबुजल्या,
"तेवढा वेळ मी खोकला धरून ठेवते."

मी मास्क नीट केला.
अनामिका पुसली, दाबली.
मुंगी चावल्यासारखं, म्हणायचं राहिलंच.
त्याच म्हणाल्या, "टोच गो, सवय आहे."
दुपारी आकडा मीच टाइप केला.
तीनशे बारा.

पुढचा मंगळवार.
"आवाज येतोय का काकी?"
"येतोय."
"काकी, पुढच्या दोन महिन्यांची फी
आत्ताच जमली तर..."
आणि चेहरा थिजला, तोंड अर्धवट उघडं.
नेट अडकलं की माणूस,
समजायला मार्ग नाही.
मी तेवढ्यात तीन महिन्यांची पाठवून टाकली.
पलीकडे टिंग वाजलं, जरा उशिरा.
"तीनचे आले काकी."
"असू दे. मी विसरते."

"आज एफ घेऊ," सर म्हणाले.
एका बोटाने सगळ्या सहा तारा दाबायच्या.
दोन वाजल्या, चार मेल्या.
"पुन्हा. घाई नाही. मी म्यूट होतो."

ते म्यूट झाले.
चादर मागे किंचित हलली,
पंख्याने असेल.
मी बोट आडवं केलं
आणि दाबून धरलं.