व

पान तीन, डावीकडे, दोन ओळी.
खाली टायरची जाहिरात आहे, तिला हात लावायचा नाही.
उरलेल्या जागेत ओनेसिमो वेन्तेओला बसवायचं आहे,
वय एकतीस, पाणबुड्या,
सामन माशांच्या पिंजऱ्याखाली सापडला.

पुएर्तो मोन्त, रात्रीचे पावणेदहा.
एर्सिलिया एकोणीस वर्षं या खुर्चीवर मथळे कापते.
तिचा भाऊ न्हावी. तो म्हणतो, धंदा एकच आपला,
फक्त तुझं गिऱ्हाईक आरशात बघत नाही.

बातमीदार पोराने पाठवला होता:
तिसऱ्यांदा उतरवलेल्या पाणबुड्याचा मृत्यू

बारिएंतोस येतो, चष्मा कपाळावर.
लांब आहे, म्हणतो.
लांब नाही. तिने मोजलाय.
"उतरवलेल्या" नको. "उतरलेल्या" कर.

त्यांच्या स्पॅनिशमध्ये हा फरक एका चिमुकल्या शब्दाचा
आणि क्रियापदाच्या शेपटीचा. आपल्यात नुसत्या व-चा.
ती तो खोडते
आणि बोटीवरची माणसं दिसेनाशी होतात:
मुकादम, हवेच्या नळीवरचा पोरगा,
किनाऱ्यावरून फोनवर "अजून एकदाच" म्हणालेला तो जो कोण,
सगळे त्या व-वर दाटीवाटीने उभे होते.
आता ओनेसिमो एकटा,
आपल्या हौसेने जणू,
तिसऱ्यांदा काळ्या पाण्यात शिरतो.

मग "तिसऱ्यांदा" जातं. कोणी मोजलं, पुरावा काय.
"मृत्यू" राहतो. त्याच्या बाजूने वकिलाचा फोन येत नाही.

मजकुरात एक शब्द आहे, निष्काळजीपणा.
त्याला अवतरणचिन्हं लाव, बारिएंतोस सांगतो,
म्हणजे तो आपला नाही, युनियनचा.
एर्सिलिया लावते.
मेलेली पाल चिमटीत धरून
दाराबाहेर न्यावी, तसा तो शब्द दिसायला लागतो.

प्रश्नचिन्ह चालेल का, ती विचारते.
तिथे प्रश्नचिन्ह दोनदा येतं,
पहिलं वाक्याच्या आधीच, उलटं.
शंका दारातच सांगावी लागते,
आपल्यासारखी शेवटी गुपचूप चिकटवता येत नाही.
ती टाइप करते: ¿
वर एक बुडबुडा, खाली वाकलेला माणूस.
बारिएंतोस बराच वेळ त्याच्याकडे बघतो.
तो वाईट नाही. दोन मुली वाल्दिवियाला शिकताहेत,
शेवटचं पान कंपनीचं आहे.
काढ, म्हणतो, आवाज न चढवता.

छापलं ते असं:
पाणबुड्याचा मृत्यू, चौकशी सुरू

त्यातला स्वल्पविराम एर्सिलियाचा.
वरच्यांना "आणि" हवं होतं.
"आणि" म्हटलं की दोन्ही गोष्टी हातात हात घालून फिरायला निघतात.
तिने जागेचं कारण पुढे केलं. टायरचा तेवढा उपयोग झाला.

गुरुवारी त्याची बहीण येते, दोमितिला,
लोकरीची टोपी, चिलोए बेटावरून, सकाळच्या फेरीने.
सहा प्रती मागते. नाणी मोजून देते.
मग मथळ्यावर बोट ठेवते.
एर्सिलियाच्या पोटात गोळा येतो.
पण बाई शाळेत शिकवणारी. तिला विचारायचं असतं
इथे पूर्णविराम का नाही.

मथळ्याला नसतो. नियम आहे तसा.

असं होय, दोमितिला म्हणते,
मला वाटलं अजून काही यायचंय.

सहाही प्रती ती पिशवीत ठेवते, घडी न मोडता,
अंडी ठेवावीत तशा.

रात्री टायरवाला पान पाचवर जातो.
तीनवर डावीकडे मोकळी जागा, दोन ओळी.
एर्सिलिया बातमीदार पोराला फोन लावते.
तो किनाऱ्यावरून बोललेला माणूस,
त्याला नाव असेल ना रे?
सावकाश सांग. एकेक अक्षर.