अजून ओलं हाय

गोदाम नंबर अकरा. मागची थप्पी.
राजापुरी हळदीची पोती आणि भिंत
यांच्यामधल्या हातभर फटीत ती व्याली.
पाच पिल्लं, पाचही पिवळी.
धुतल्यावर कळलं असतं कोण पांढरं, कोण करडं,
पण धुणार कोण.
हमालांनी तिचं नावच राजापुरी ठेवलं.

मी खतावणीच्या शेवटच्या पानावर
पेन्सिलीनं तारीख घातली
आणि रोज एक उभी रेघ.
दिवाणजीचा हात, दुसरं काय करणार.

एकविसाव्या रेघेला ठरवलं,
डाव्या कानाला खाच असलेलं, ते माझं.
घरी हेमलता म्हणाली,
आणा, पण मुतलं तर तुम्ही पुसायचं.
म्हणजे होकार.

पस्तिसाव्या रेघेला शेठ म्हणाले,
सोमवारी सौदे आहेत, अकरा नंबर मोकळं हवं,
ती कुत्री काय ती उचला.
मी त्याला पिशवीत ठेवलं, जेवणाच्या डब्याशेजारी.
डबा अजून कोमट होता.
पायगोंडा तंबाखू थुंकून म्हणाला,
"न्हेऊ नगा. अजून ओलं हाय."

हळदीबद्दलही तो असंच बोलतो.
हळकुंड कानाजवळ धरून मोडतो.
कडकन् वाजलं तर कोरडं.
वाकलं, तर राहू दे उन्हात.
तारीख बघून पोतं शिवणाऱ्याच्या पोत्यात
बुरशी आपोआप येते, म्हणतो.

तरी मी निघालोच.
सायकलच्या हँडलला पिशवी, फाटकापर्यंत गेलो.
पिल्लू रडलं नाही.
नुसतं थरथरत होतं, इतकं
की डब्याचं झाकण वाजत होतं.
राजापुरी मागं आली नाही.
ट्रकच्या सावलीत उभी, आचळं लोंबलेली,
काट्यावर चढलेल्या मालाकडे बघावं तशी बघत.

अडीच वर्षांचा असताना मला
तासगावला मावशीकडे ठेवलं होतं,
बहिणीच्या वेळी.
मला काही आठवत नाही.
सगळे अजून कौतुकानं सांगतात,
किती शहाणा, एकदासुद्धा रडला नाही.

फाटकातून सायकल वळवली.
शेठना म्हणालो, अकरामधला माल शेवटी काढू.
बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
विचारलं नाही, सांगितलं.

मग दात आले.
पोत्यांच्या सुतळ्या सुटल्या, माझ्या चपलेचा अंगठा गेला.
त्यानं भावाचा कान धरला,
भाऊ केकाटला, त्यानं सोडला,
पुन्हा धरला, जरा हलका.
हे मला घरी शिकवता आलं नसतं.

अठ्ठेचाळीस.
पाजता पाजता राजापुरी उठून चालू लागली.
पिल्लं दोन पावलं लोंबकळत गेली, गळून पडली.
माझं पुन्हा गेलं तिच्या पोटाखाली,
तर तिनं दात दाखवले,
अगदी नाकाला नाक लावून.
मला राग आला तिचा, खोटं कशाला बोलू.
पायगोंडा हसला,
"आता वाळाय लागलं."

पंचावन्न.
दुपारी सामसूम असताना त्यानं
जर्मनची थाळी वरून फरशीवर टाकली.
पाचही पळाली पोत्यांमागं.
एक. दोन. तीन. चार.
खाचेचा कान बाहेर आला.
मग तोंड. मग सगळं.
थाळीपाशी येऊन त्यानं हुंगलं,
आणि एक पाय आत ठेवून उभं राहिलं,
जणू थाळी त्याचीच.
पायगोंडा बोलला काही नाही.
दोन बोटं मोडली फक्त, कडकन्.

तिच्या अंगाखालचा गोणपाटाचा तुकडा घेतला,
पिशवीत खाली घातला.
या खेपेला ते बोंबललं.
बाजारातून, स्टँडवरून, आयर्विन पुलावरून
सांगलीवाडी येईपर्यंत बोंबललं,
लोक वळून बघत होते, चोर आहे की काय.
मला बरं वाटत होतं.

हेमलतानं दार उघडलं.
अहो, हे पिवळं का? म्हणाली,
आणि फडकं माझ्या हातात दिलं.